काजं केलेलं शटर

मित्रांनो, मी एका शिंप्याच्या दुकानाचं जुनं शटर आहे. आता उघडत नाही, त्यामुळे बोलायला सवड आहे.

लोखंडी पट्ट्या एकीत एक अडकवून मला घडवलं. सकाळी वर, संध्याकाळी खाली, एवढीच माझी कारकीर्द. पण मी इतकं कर्कश ओरडत असे की समोरचा न्हावी माझ्या आवाजावर घड्याळ लावायचा. ही मी माझी स्तुती समजायचो.

एका संध्याकाळी दोन टोळ्यांचं भांडण आमच्या रस्त्यावर आलं. बंदुका त्यांच्या, रस्ता आमचा. शिंपी मास्तर मला खाली ओढत होते. बऱ्याच गोळ्या मला लागल्या. एक त्यांना लागली. ते गेले. त्यानंतर दिवे लागायच्या आत सगळा रस्ता दारं लावून बसू लागला.

सगळं सुरळीत दिसावं म्हणून नगरपालिकेच्या साहेबांनी माझी भोकं बुजवून रंग द्यायचा हुकूम काढला. पेंटर आला. शांततेची पांढरी कबुतरं काढू म्हणाला. मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्याला म्हणाल्या, "खरी कबुतरं काय कमी घाण करतात? ड्रिल आण."

त्याने प्रत्येक भोकाभोवती बारीक छिद्रं पाडली. काकूंनी त्यांतून तांब्याची तार ओवून गोळीच्या भोकाचं सुबक काज केलं आणि त्यात मास्तरांच्या सदऱ्याचं बटण अडकवलं. मग एक आजी अशाच गोळीने गेलेल्या नातवाच्या शाळेच्या शर्टाचं बटण घेऊन आली. न्हाव्याने भावाच्या कोटाचं आणलं. गोळ्यांची भोकं संपली तरी बटणं येतच राहिली. काकूंना नवी काजं करावी लागली.

एक घोटाळा मात्र झाला. जन्मभर कापड गुंडाळलेल्या काकू विसरल्या की पत्रा गुंडाळताना बटणं मावत नाहीत. मी अर्धी वीत वर सरकलो आणि अडकलो तो कायमचा. काकूंनी मागच्या दाराने शिलाई मशीन काढलं आणि माझ्यासमोर, मास्तर पडले तिथेच मांडलं. अंधार पडला तरी उठल्या नाहीत.

साहेब वेल्डरला घेऊन आले. "काकू, इथं बसणं धोक्याचं आहे."

"म्हणून तर बसलेय. मी उठले की रस्ता त्यांचा झाला."

"मग ही बटणं तरी काढू द्या."

"काढा की. फक्त ज्याचं बटण, त्याच्या घरी आधी विचारून या."

साहेब विचारायला गेले ते अजून आलेले नाहीत. वेल्डरने जाता जाता काकूंच्या मशीनवर दिवा लटकवण्यासाठी एक आकडा बसवून दिला. दुसऱ्या संध्याकाळी न्हाव्याने खुर्ची बाहेर काढली. आजीही बाकडं घेऊन आली, आणि शिलाईत चुका काढू लागली.

मित्रांनो, शटरला वरचेवर तेल द्या, असं सांगून मी निरोप घ्यायला हवा. पण मला तेल नको. माझ्या खालच्या पट्ट्यांवर अजून बरीच जागा आहे. ती रिकामी राहील, एवढी काळजी घ्या.