मोकळ्या आकाशासाठी निवड

कारखाना त्याला साखरपेऱ्या म्हणायचा. हुद्दा कामगार अधिकाऱ्याचा, पण खरं काम एकच: साहेबांनी हाणलेली लाथ खाली पोचेस्तोवर तिला मखमल गुंडाळायची.

या खेपेला लाथ मोठी होती. शेकड्यांनी माणसं कमी करायची होती. मोठ्या साहेबांनी बजावलं, ‘काढणे’ हा शब्द कुणाच्या तोंडून निघता कामा नये. मागच्या वेळी एका वेल्डरने मीटिंगच्या खोलीची काच फोडली होती आणि साहेबांना फार दुःख झालं होतं. काचेचं. यंदा आवाज झाला नाही तर साखरपेऱ्याची खुर्ची शाबूत. झाला तर तीही जाणार.

साखरपेऱ्या कामाला लागला. आरशासमोर उभा राहून त्याने शब्द चघळले, थुंकले, पुन्हा चघळले आणि शेवटी त्याला गवसलं: ‘मोकळ्या आकाशासाठी निवड’.

शुक्रवारी एकेकाला एसीच्या खोलीत बोलावून त्याने ती निवड कळवली. हात हातात घेतला, पाठ थोपटली. त्यात त्याचा सख्खा मेहुणाही होता, लेथवरचा कारागीर. मेहुण्याने डोकं खाजवलं.

"म्हणजे दाजी, चांगलंच ना?"

खरं ते साखरपेऱ्याच्या घशाशी आलं होतं. त्याने ते गिळलं, वर घोटभर पाणी घेतलं. "आता झेप घेणं तुझ्या हातात," तो म्हणाला.

कुणी रडलं नाही, कुणी भांडलं नाही. संध्याकाळी मोठ्या साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात ते एरवी फक्त भंगारात काढायच्या मशीनवर ठेवत.

सोमवारी सकाळी निवडलेले सगळे इस्त्रीचे कपडे घालून फाटकावर हजर. मोकळ्या आकाशाचं खातं कुठल्या इमारतीत, असं वॉचमनला विचारत होते. ते गच्चीवरच असणार, असं एकाने छातीठोक सांगितलं. त्याहून वाईट म्हणजे, न निवडलेलेही काम टाकून बाहेर आले. आम्ही काय कुणाचं घोडं मारलं होतं? साखरपेऱ्याने बायकोच्या भावाला चिकटवलं आणि आम्हाला वगळलं, हा उघड वशिला आहे, अशी त्यांची बोंब.

मोठ्या साहेबांनी खिडकीतून ऐकलं आणि त्यांचे डोळे चकाकले. त्यांनी साखरपेऱ्याला हळूच सांगितलं, इच्छुकांना नाराज करू नका, सगळ्यांच्या सह्या घ्या. माणसं आपल्या पायांनी जात असतील तर आपण कशाला आडवं यायचं?

साखरपेऱ्या कोरे कागद घेऊन खाली गेला. लोक रांगेतही उभे राहिले. फासासाठी नंबर लावून भांडणारी माणसं पाहायची असतील, तर आधी अशी गोड जीभ पाळावी लागते.

तेवढ्यात मेहुणा पुढे आला, नव्या शर्टात. पलीकडच्या वर्कशॉपचा मालक शनिवारी घरी येऊन त्याला कामाला बोलावत होता. याने तोंडावर नाही म्हटलं.

"सांगितलं त्याला, माझी वर निवड झालीय, दाजींनी स्वतः केलीय. त्याने लगेच दुसरा माणूस घेतला. घेऊ दे की."

साखरपेऱ्याने हातातले कागद घडी घालून खिशात कोंबले.

"काढलंय तुला," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "शुक्रवारी बोलावलं त्या सगळ्यांना काढलंय. नोकरी गेली. बाकीच्यांनी सही केली की त्यांचीही गेली."

आधी कुणाला ते खरं वाटेना. मग वरच्या मजल्यावरची काच फुटली. साहेबांना पुन्हा दुःख झालं असणार.

दुपारी साखरपेऱ्याला एसीच्या खोलीत बोलावणं आलं. मोठ्या साहेबांनी हात हातात घेतला, पाठ थोपटली आणि निवड कळवली. अख्ख्या कारखान्यात त्या शब्दांचा अर्थ पहिल्या झटक्यात कळलेला माणूस तो एकटाच.

फाटकावर मेहुणा उभा होता.

"ताईला काय सांगणार?"

"खरं ते सांगेन."

"तुमच्याच्यानं व्हायचं नाही," मेहुणा म्हणाला. "तुम्ही तिलाही आकाश दाखवाल. चला, मी येतो."