मागे राहिलेली गाडी

पायलने बुलेट वळवली आणि आल्या रस्त्याने परत घाटात निघाली. संतापाने तिचे कान तापले होते.

दरवर्षीच्या या बुलेट सहलीत फाटा आला की सगळ्यात पुढे चालणाऱ्या देवानंदच्या मागच्याने तिथे उभे राहायचे, शेवटची गाडी गेली की निघायचे, हा देवानंदचाच नियम. शेवटची गाडी योगेशची. आणि अकोल्यापासून प्रत्येक फाट्यावर उभी कोण? पायल! “पहिलंच वर्ष हाय तुयं, पाहू जमते का,” म्हणून. आता घटांगच्या फाट्यावरून हा योगेश मोबाईलवर व्हिडिओ काढत सेमाडोहकडे निघून गेला होता, आणि त्याच्या पुढे असायला हवे ते खुशालराव आलेच नव्हते. साठी उलटलेला माणूस घाटात सोडून पळतात, लाज कशी वाटत नाही लेकांना!

खुशालराव थोड्याच अंतरावर कठड्यावर बसलेले दिसले. गाडी धड होती. ते डाव्या हाताची बोटे चोळत होते.

“काय झालं, काका?”

“क्लच दबून नाही राह्यला. बोटंच आखडते.” मग घाईघाईने, “देवानंदले नको सांगू व. पुढच्या वर्षी नेणार नाही मले. सालभर वाट पायतो मी याची.”

पायल शेजारी बसली. बोटे मोकळी व्हायला बराच वेळ गेला. मग ती पुढे, ते मागे, असे दोघे हळूहळू घाटातून निघाले.

सेमाडोहच्या टपरीवर देवानंद भजी संपवून बसला होता.

“आले का बाप्पा! झोपली होती का व फाट्यावर?”

“माझी चेन उतरली होती,” पायल म्हणाली. “काका थांबले माझ्यासाठी.”

“पाय योगेश, काय म्हटलं होतं मी? बाईमाणूस आणलं का असंच होते. पुढच्या साली नाही रे बाप्पा.”

योगेश हसला. मागचा माणूस टाकून आलेला योगेश! पायलच्या ओठांवर शिवी आली होती. ती तिने चहाबरोबर गिळली.

खुशालरावांनी ग्लास दोन्ही हातांनी खाली ठेवला.

“तिची चेन नाही उतरली, देवानंद. माया हात काम नाही करत. घाटात अटकलो होतो, अन् तुमच्यातल्या एकानं मांगं वळून पाह्यलं नाही. हे पायल एकटी आली.”

योगेश मोबाईल खिशात घालू लागला.

“काहून सांगतलं, काका?” पायलचा आवाज चिरकला. आता तिला त्यांचाही राग आला होता. “नेणार नाहीत हे तुमाले.”

“नाही त नाही,” खुशालराव म्हणाले. “पन मी चूप राह्यलो असतो त तुले नेलं नसतं, ते माया लबाडीनं. ते नाही पचत मले.”