पुस्तकावर बसलेली कोंबडी

आमच्या ह्यांनी स्वावलंबी आणि नैतिक जगण्यावरचं पुस्तक आणलं, आणि पाठोपाठ एक कोंबडी. ती मेली खुडूक झाली आणि सोफ्यावरच्या त्या पुस्तकावरच उबवायला ठाण मांडून बसली. खुडूक कोंबडीला उठवणं अनैतिक आहे, असं ह्यांनी आदल्याच दिवशी त्यात वाचलेलं! झालं, टीव्ही बंद आणि आम्ही जमिनीवर.

“अहो, पण तिच्याखाली अंडं कुठंय?” मी ओरडले.

“हळू बोल गं. पुढचं सगळं पुस्तकात आहे.”

शेवटी डोकं फिरलं. त्याच पुस्तकाची दुसरी प्रत आणून ह्यांच्या हातात आदळली. म्हटलं, “घ्या, वाचा एकदाचं!”

ह्यांनी ती न उघडताच अलगद कोंबडीखाली सरकवली.

“बरं केलंस,” हे कुजबुजले. “एकुलतं एक पिल्लू फार हट्टी बनतं.”