नको म्हणण्याची पद्धत

खोपटात माशांच्या गोळ्यांचे डबे नऊ होते, संत्री चौदा, तपकिरी चीजची दीड लादी, कॉफीची दोन पाकिटं, मेणबत्त्या सहा, बदामाची सत्ती हरवलेला पत्त्यांचा एक जोड आणि माणसं दोन: आयलर्ट स्काउग्रूद आणि त्याची बायको राग्नफ्रिद. दाराशी रोवलेल्या काठीवर बर्फ एकशे अडतीस सेंटिमीटर होता. त्या बर्फात पायवाट एकच होती, दारापासून संडासापर्यंत, आणि ती चांगलीच मळलेली होती.

"पोट बिघडलंय का तुझं?" राग्नफ्रिदनं विचारलं. "सकाळपासून सातव्यांदा चाललायस."

"जरा मोकळ्या हवेत जाऊन येतो."

"संडासात?"

फोनची रेंज फक्त संडासामागच्या लाकडांच्या ढिगावर चढलं तरच मिळायची. हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही. पण त्याबद्दल दोघंही बोलत नव्हते.

पक्षाचे अध्यक्ष कंटाळून पायउतार होणार होते. मे महिन्यातल्या अधिवेशनात नवा अध्यक्ष निवडायचा होता. आयलर्ट उपाध्यक्ष होता आणि अध्यक्ष व्हायचं हे त्याच्या मनात एकतीस वर्षं होतं. म्हणूनच तर तो ईस्टरच्या सुट्टीत डोंगरात येऊन बसला होता. माणसाला पद हवंय असं एकदा दिसलं की त्याचं संपलंच. पद पाहुण्यासारखं आपल्या पायांनी दारात यायला हवं, आणि दार उघडताना आपल्या अंगात कोपरावर फाटलेला स्वेटर हवा.

आजवर सगळं असंच मिळालं होतं. तरुण आघाडीचा प्रमुख त्याला केलं तेव्हा तो गालगुंड होऊन अंथरुणात होता आणि त्याला बोलताच येत नव्हतं. नगराध्यक्षपद आलं तेव्हा तो गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरत होता. मंत्रिपदासाठी फोन आला तेव्हा तो सासूच्या छपरावरचा बर्फ खाली ओढत होता. "माझ्यापेक्षा लायक पुष्कळ आहेत" असं त्यानं शिडीवरूनच दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा "पक्षाला गरजच असेल तर" म्हणाला, आणि खाली उतरला तो मत्स्यव्यवसाय मंत्री म्हणून. दोन नकार आणि तिसऱ्यांदा सुस्कारा. हे प्रमाण त्याच्या मनात कॉफीत किती दूध घालायचं तितकं पक्कं बसलं होतं.

तळ्यापलीकडे आणखी एक खोपट होतं. ते ओस्मुंद त्वेटेनचं, पक्षाच्या दुसऱ्या उपाध्यक्षाचं. त्याच्याही धुराड्यातून रोज धूर निघे.

"डबे संपत आले की दुकानात जावं लागेल," राग्नफ्रिद म्हणाली.

"आपल्या दारातून रस्त्याकडे स्कीची खूण गेली तर ओस्मुंदला दिसेल ना! म्हणेल, हा गेला शहरात, लोकांना भेटायला."

"मग मी जाते."

"तुझी आणि माझी खूण सारखीच दिसते."

"आयलर्ट, तू देशाचा मंत्री होतास रे. आज ब्रेडला घाबरतोयस."

गुड फ्रायडेला दुपारी स्कीवरून कोणीतरी चढ चढून आलं. उमेदवार निवडणाऱ्या समितीच्या प्रमुख बोर्गहिल्ड लिंगस्टाड, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त दंतवैद्य. आयलर्टनं धावत जाऊन फाटका स्वेटर चढवला आणि मग दार उघडलं.

"अरे वा, इकडे कशा काय?" तो म्हणाला.

"तुला माहीत नाही होय," बोर्गहिल्ड म्हणाल्या आणि चुलीशी बसून संत्रं सोलू लागल्या. "हे बघ, माझे पाय दुखतायत, म्हणून सरळच विचारते. अध्यक्ष होशील का?"

आयलर्टनं मान हलवली. "छे छे. माझ्यापेक्षा लायक पुष्कळ आहेत."

"नीट विचार कर."

"खरंच नको. नातवंडं आहेत, हे छप्पर दुरुस्त करायचंय."

राग्नफ्रिदनं भांड्यांकडे तोंड फिरवलं. आयलर्टनं तिसऱ्या प्रश्नासाठी सुस्कारा तयार ठेवला. बोर्गहिल्डनी संत्र्याची शेवटची फोड खाल्ली, हात पुसले आणि त्या उठल्या.

"बरं. कॉफी छान होती."

"म्हणजे... एवढंच?"

"नको म्हणालास ना? दोनदा म्हणालास."

"आधीचे समितीप्रमुख तीनदा विचारायचे," आयलर्ट हळूच म्हणाला.

"ते भिडस्त होते. मी चाळीस वर्षं दात काढले. रोगी नको म्हणाला तर मी चिमटा खाली ठेवत असे. आणि आपला पक्ष काय सांगतो रे? ज्याची निवड त्याची! त्या समोरच्या पक्षासारखं माणसाला मानगूट धरून कामाला लावायचं नाही. तुझ्या निर्णयाचा मला फार आदर वाटतो."

तो आदर घेऊन त्या तळ्यापलीकडे गेल्या. आयलर्टनं दुर्बीण लावली. एक कप कॉफी प्यायला लागतो तितक्याच वेळात त्या ओस्मुंदच्या दारातून बाहेर पडल्या आणि त्यांनी स्की उताराला लावल्या.

"त्यानंही नको म्हटलं वाटतं," राग्नफ्रिद म्हणाली. "आता बोंबला दोघंही."

दुसऱ्या दिवशी आयलर्ट तळ्यावर उतरला. समोरून ओस्मुंद येत होता. बर्फाच्या मधोमध दोघं थांबले.

"ओस्मुंद, तूच हो बाबा अध्यक्ष," आयलर्ट म्हणाला. "मी तुला गळ घालायला आलोय."

"काय सांगतोस! मी तुलाच गळ घालायला निघालो होतो."

"मग घाल."

"आधी तू घाल. तू मोठा आहेस."

दोघांनी एकमेकांना बराच वेळ गळ घातली. कोणीही मानलं नाही, कारण पहिल्या दोन विनंत्यांना मानायचं नसतं, आणि तिसरी करायला दोघंही घाबरत होते. समोरचा हो म्हणाला असता तर? शेवटी थंडीनं ओस्मुंदची मिशी पांढरी झाली.

"असं करू," तो म्हणाला. "अधिवेशनात चिठ्ठीनं मतदान होईलच, आणि चिठ्ठीवर नाव कोणाचंही लिहिता येतं. मी माझं मत तुला देतो, तू मला दे. निदान कोणाच्या नावापुढे शून्य तरी पडणार नाही."

हातमोजे काढून त्यांनी हात मिळवले.

मे महिन्यात ओस्लोच्या हॉटेलात दोनशे चौऱ्याण्णव प्रतिनिधी जमले. बोर्गहिल्डनी समितीची शिफारस वाचली: "अध्यक्ष: कोणीही नाही. दोघांना विचारलं, दोघांनी नकार दिला. समिती माणसाच्या स्वातंत्र्याचा मान राखते."

मग उत्तरेकडचा एक होड्यांचा व्यापारी उठला. "मित्रांनो, आपण आयुष्यभर काय ओरडतोय? वर बसलेल्यांचा बोजा कमी करा! मग स्वतःपासूनच सुरुवात करू या. कोरी चिठ्ठी टाका!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. आयलर्टलाही उभं राहावं लागलं, कारण बसून राहणं हावरटपणाचं दिसलं असतं.

चिठ्ठी हातात आली. एकच मत, स्वतःला, आणि कोणाला कळणारही नव्हतं. त्यानं पेन्सिल टेकवली आणि स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर मनात धरलं. शेजारी बसलेल्या बाई त्यांच्या कोऱ्या चिठ्ठीची घडी घालत होत्या. त्यांनी सहज मान वळवली. आयलर्टचे कान लाल झाले. पक्षातली एकतीस वर्षं त्याच्या मनगटात उतरली आणि त्या मनगटानं लिहिलं: ओस्मुंद त्वेटेन.

दोन रांगा पुढे ओस्मुंद लिहीत होता. त्यानं दुसऱ्या हाताचा आडोसा केला होता.

मोजणी संपल्यावर बोर्गहिल्डनी चष्मा लावला आणि निकाल वाचला. एकूण चिठ्ठ्या दोनशे चौऱ्याण्णव. कोऱ्या दोनशे ब्याण्णव. पक्षाच्या घटनेप्रमाणे कोऱ्या चिठ्ठ्या मतांत धरत नाहीत. वैध मतं दोन. आयलर्ट स्काउग्रूद, शून्य. ओस्मुंद त्वेटेन, दोन, शंभर टक्के.