सहाशे सोळा

"नाय बसवनार," इलियासने मोबाइल तिच्या हातात परत ठेवला. "हे टायर या गाडीला मी नाय बसवनार."

भूमिका हसली. तिला वाटलं, चाचा मस्करी करतोय. पेणला रामवाडीच्या नाक्यावरचं हे टायरचं दुकान ती लहानपणापासून ओळखत होती आणि गिऱ्हाइकाशी भांडण्याची इलियासची खोडही. मोबाइलवरच्या फोटोत दहा इंच रुंदीचे, रांगडे टायर घातलेली एक जीप डोंगर चढत होती. भूमिकाची जीप बाहेर उभी होती. वयाने ती भूमिकाहून चार वर्षांनी मोठी, आणि चारही टायर झिजून गुळगुळीत झालेले.

"चाचा, कुरणपाड्याला चिखल किती असतो तुमाला म्हाईत हाय. टायर रुंद असला की पकड जास्ती."

"वाळूत. चिखलात नाय."

"आता सगले तेच घालतात."

"सगले बांधावरून जातात काय गो?"

 कुरणपाडा जिते गावापासून खाली, खाडीकडच्या खारजमिनीत आहे. पावसाळ्याचे चार महिने तिथे जायला दीड किलोमीटरचा मातीचा बांध, तेवढाच रस्ता. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला खाडी आणि वर जीपच्या चाकांपुरती जागा. टेम्पोवाले तिकडे फिरकत नाहीत. गॅसच्या टाक्या, शाळेची पोरं, अडलेली बाळंतीण, सगळं या एका जीपमधून पेणला येतं. पूर्वी ती भूमिकाचा बाप जनू चालवायचा. मग चुलतभाऊ निकेशने चालवली. दोन वर्षांपूर्वी तो कंपनीत लागला, तेव्हापासून भूमिकाच्या हातात आहे.

"या गाडीला सहाशे सोळा लागतो," इलियास म्हणाला. "सहा इंच रुंदी, सोळाची रिंग. गाडी बनली तवाच माप ठरलं. रुंद टायर या रिंगवर फुगून बसतो. स्टिअरिंग पुरं फिरवलं की स्प्रिंगच्या पाट्याला घासतो. बारीक टायर चिखल कापून खालच्या घट्ट मातीवर उभा ऱ्हातो. रुंद टायर वरच्या वर तरंगतो."

सगळं खरं होतं. खरं कारण मात्र त्याने गिळलं.

"सहाशे सोळा मिलतो कुठं आता? तुमीच बोललात, मागवावा लागतो. पाऊस लागलाय, चाचा. मी पनवेलला जाऊन बसवून घेते."

"शुक्रवारपर्यंत थांब."

"आनि बाबाच्या टायमाला तुमीच बसवले व्हते ना रुंद टायर? मना चांगले आठवतात."

"ती गाडी पडली, भूमिका."

"ती काय टायरमुळं पडली? बाबाला डुलकी लागली व्हती."

इलियासने जॅक उचलला आणि काही कारण नसताना परत खाली ठेवला. ती गाडीत बसली. "शुक्रवार," ती म्हणाली. "शनिवारी मी पनवेलला."

सोळा वर्षांपूर्वी इलियास मस्कतहून परत आला तेव्हा त्याच्याइतका टायरमधला जाणकार पेणमध्ये नव्हता, निदान त्याच्या मते. बारा वर्षं वाळवंटात टायर बदलून तो एक गोष्ट पक्की शिकला होता: टायर रुंद घाला, हवा कमी ठेवा, गाडी वाळूवर होडीसारखी चालते. दुकान टाकलं आणि पहिलंच गिऱ्हाईक आलं ते जिवाभावाचा दोस्त, जनू. दोस्ताला काहीतरी भारी द्यायचं म्हणून इलियासने हौसेने रुंद टायर मागवून बसवले. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

श्रावणात एका पहाटे जीप बांधावरून खाली गेली. जनूचा डावा गुडघा फुटला. गाडी ओढायला गेलेल्या इलियासला बांधावरचे चाकांचे वण दिसले. बाहेरचं चाक निम्मं बांधाच्या कडेबाहेर चाललं होतं आणि कडेची माती विळीने कापावी तशी उतरली होती. एका नजरेत त्याला कळलं. दवाखान्यात तो तेच सांगायला गेला, पण त्याने तोंड उघडण्याआधी जनूच म्हणाला, "डोला लागला असंल बघ माझा." इलियासने ते वाक्य तसंच राहू दिलं. भित्र्या माणसाला खोटं बोलायचीही गरज पडत नाही, गप्प बसलं की भागतं. जीप दुरुस्त झाल्यावर त्याने निमूट बारीक टायर बसवले. गुडघा जमेल तसा बरा झाला, पण जनूने स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही.

गुरुवारी सकाळच्या गाडीने इलियास रोह्याला गेला. तिथले टायरवाले हैबतराव त्याचे जुने ओळखीचे. त्यांनी लगेच चार टायर पुढे ढकलले. "घे. सहाशे सोळा."

इलियासने टायरवरून बोट फिरवलं. तीन सरळ उभ्या रेघा. "हे ट्रॅक्टरच्या फुडच्या चाकाचे."

"माप तेच हाय की!"

"मापावर काय जातोस? बांधावर ब्रेक मारला की घसरगुंडी व्हईल."

हैबतरावांनी कपाळाला हात लावला आणि माळ्यावरून दुसरे काढले. हे जीपचेच होते, आडव्या खोल खाचांचे. इलियासने कडेवरची धूळ अंगठ्याने पुसून चार आकडे वाचले. टायर दोन हजार सोळा सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कड वाकवली तर बारीक भेगा उघडल्या.

"कुनाला कलतंय?" हैबतराव म्हणाले.

"मला कलतंय ना."

"अरे, एका जुन्या जीपसाठी किती करशील? आतमध्ये चार ताजे हायत, पन ते एका नर्सरीवाल्याचे हायत. तो फुडच्या आठवड्यात नेनार."

इलियास टायरांच्या चळतीवर बसला. "फोन लाव त्याला. मी हाय इथंच."

नर्सरीवाल्याने फोन उचलला नाही. इलियास बसून राहिला. हैबतराव जेवून आले, तरी तो बसलेलाच. तीन वाजता फोन लागला आणि नर्सरीवाला आठवडाभर थांबायला कबूल झाला. कबूल झाला नसता तर इलियास त्याच्या नर्सरीत जाऊन बसला असता, हे हैबतरावांनी ओळखलं होतं.

घरी आल्यावर बायकोने, सायराने, पाणी दिलं. सोळा वर्षांत ही गोष्ट एवढ्या एका माणसाला त्याने सांगितली होती. "टायरसाठी रोह्याला जाता," ती म्हणाली. "खरं बोलायला किती लांब जायचंय?"

शुक्रवारी त्याने चारही टायर स्वतः चढवले, हवा मोजली, नट दोनदा आवळले. मग हात पुसून जीपमध्ये जाऊन बसला. "चल. मीपन येतो. जनूशी बोलायचंय."

जनू बांधाच्या तोंडाशी उभा होता. पोरीने कसले टायर आणले ते बघायला लंगडत आला होता. त्याने वाकून टायरवर हात फिरवला. "बारीक आनलेस? बरं केलंस, इलियास."

इलियासने खाली उतरून एका दमात सांगितलं. रुंद टायर, कडेचे वण, दवाखाना, सगळं. भूमिका स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होती.

जनूने टायरवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "म्हंजे माझा डोला लागला नव्हता?"

"नाय."

"परत बोल."

"नाय लागला, जनू. तुझा हात नाय चुकला. टायर चुकला. मी चुकलो."

"पुतली," जनू म्हणाला. पुतळी त्याची बायको, भूमिकाची आई. चार वर्षांपूर्वी वारली होती. "मरेपर्यंत बोलायची, घटकाभर झोपून निघाला असतात तर पाय ऱ्हायला असता. आनि मी व्हय म्हनायचो. तिच्या म्होरं मान खाली घालून व्हय म्हनायचो."

इलियासला रडू फुटलं. भूमिका ताडकन खाली उतरली. "चाचा, तुमी सोला वर्सं आमच्या घरात चाय पीत व्हतात!"

जनूने हात वर करून तिला थांबवलं. इलियासकडे मात्र त्याने पाहिलं नाही. माफ केलं असंही म्हणाला नाही आणि इलियासने मागितलंही नाही.

"गाडी चालू कर," जनू पोरीला म्हणाला. "माझ्या मागनं ये. मी सांगतो तशी."

भूमिका बघतच राहिली. दोन वर्षांत बापाने तिला गाडीबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. विचारलं तरी म्हणायचा, मना काय इचारतेस, मी तर गाडी पाडली.

जीप बांधावर चढली. इलियासला कोणी बस म्हटलं नाही. तो रस्त्यावरच उभा राहिला. टायरांचे ठसे कडेपासून वीतभर आत पडत होते.

"शेताकडं घे," पुढून जनूचा आवाज आला. "अजून जरा. हां, बस. अशीच."

तो लंगडत पुढे चालला होता, जीपकडे पाठ करून, एक हात वर धरून. मागचं चाक कुठे आहे हे त्याला आवाजावरूनच कळत होतं; बघायला त्याने एकदाही मान वळवली नाही.