त्रिग्लावला जाणाऱ्यांसाठी बारा सूचना

आमच्या पाहुणेघराच्या जेवणाच्या खोलीत, कपांच्या फळीच्या वर, एक चौकट टांगलेली आहे. "त्रिग्लावला जाणाऱ्यांसाठी बारा सूचना. लेखन : ब्रीना ओदार, वय सोळा." अक्षर माझंच. सोळाखालची ठळक रेघही मीच ओढलेली, उगाच कुणाच्या नजरेतून सुटायला नको.

सूचना उत्तम आहेत. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायची मला सवय नाही. पहाटे निघा, दुपारी दोननंतर ढग गडगडायला लागतात. सुती मोजे घालू नका, फोड येतात. वरच्या निवाऱ्यात झोपायची जागा आधी सांगून ठेवा आणि बूट दाराशी काढून तिथल्या सपाता घाला. वर झरे नाहीत, पाण्याच्या दोन बाटल्या खालूनच न्या. वाटेत भेटेल त्याला 'दोबेर दान' म्हणा, नाहीतर तुम्ही शहरातून आलात हे लांबूनच कळतं. वाटेची खूण, म्हणजे लाल वर्तुळातला पांढरा ठिपका, दिसेनासा झाला, की शहाणपणा न करता मागे फिरा.

आणि सातवी, माझी सगळ्यात लाडकी : "कड्यावर भीती वाटली तर पायाखाली पाहू नका, हाताकडे पाहा. हाताखालचा खडक कुठेही जात नाही."

आला ना काटा अंगावर? मलाही यायचा. अडचण एवढीच होती, की त्रिग्लावच्या माथ्यावर मी कधी गेलेच नव्हते.

हे आमच्याकडे किती लाजिरवाणं आहे, ते कसं सांगू? पासपोर्ट सरकार देतं, पण तुम्ही खरे स्लोव्हेनियन की नाही, ते त्रिग्लाव, आमचा सगळ्यात उंच डोंगर, ठरवतो. माथ्यावर पहिल्यांदा पोचणाऱ्याला वाकवून पार्श्वभागावर दोराचे फटके देतात. म्हातारेकोतारे ते फटके लग्नाच्या तारखेसारखे लक्षात ठेवतात.

दोन वर्षांपूर्वी मी पोलोनामावशीबरोबर निघाले होते. मावशी डोंगरातली वाटाडी आहे, लोकांना वर नेणं हेच तिचं काम. छोट्या त्रिग्लावपर्यंत, म्हणजे माथ्याच्या अलीकडच्या धाकट्या शिखरापर्यंत, मी गात गात गेले. तिथून पुढची धार पाहिली, दोन्हीकडे नुसती हवा, आणि अचानक माझं पोट दुखायला लागलं. मावशीने माझ्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, आणि मुकाट मला खाली आणलं. घरी बाबांनी विचारलं, "पडले का फटके?" मी म्हटलं, "पडले."

एकच शब्द. पण बाबांनी त्याला असं काही खाऊपिऊ घातलं, की महिन्याभरात मी चौदाव्या वर्षी, भर पावसात, सगळ्यांच्या पुढे माथ्यावर पोचले होते. पाऊस माझा नव्हता. पाऊस बाबांनी घातला.

मग या ऑगस्टमध्ये इंगरबाई आल्या. डेन्मार्कच्या, वय त्रेसष्ट, आयुष्यभर दातांच्या डॉक्टर. सूप बाजूला सारून त्यांनी चौकट दोनदा वाचली.

"हे तू लिहिलंस?"

"हो," मी म्हटलं, आणि शक्य तितकी उंच उभी राहिले.

"पोरगी चौदाव्या वर्षी गेलीय!" बाबा पलीकडून ओरडले. "भर पावसात!"

"मी तीनदा या देशात आले आणि तीनदा पायथ्याशी घाबरून परत गेले," इंगरबाई म्हणाल्या. "ही सातवी सूचना लिहिणारीला भीती म्हणजे काय ते माहीत आहे. ही मुलगी बरोबर येणार असेल, तर मी जाते. नाहीतर आता काही या जन्मात जात नाही."

कोपऱ्यात पोलोनामावशी जेवत होती. तिने मान वर केली नाही. "येईल की. सूचना तर तिला पाठच आहेत."

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "मावशी, माझ्या पोटात—"

"निघायला अजून दोन दिवस आहेत. पोटाला इतक्या आधी कळवू नकोस."

"तू बाबांना सांगणार आहेस?"

"मी कशाला? फटके पडले असं मी थोडंच म्हटलं होतं?" मावशीने ताटली विसळली. "पण माथ्यावर मी दरवेळी विचारते, पहिल्यांदा कोण आलंय. तिथे जे काय बोलायचं ते तुझं तू ठरव."

मी लगेच ठरवलं. एक, काहीही झालं तरी वर पोचायचं. दोन, वर पोचल्यावर गप्प बसायचं. कुणाला काय कळणार होतं? चौकट तशीच राहिली असती, रेघेसकट.

पहिल्या दिवशी माथ्याखालच्या प्लानिका निवाऱ्यापर्यंत मी अखंड बोलत होते. इंगरबाईंनी सूचनांचा फोटो काढून आणला होता आणि त्याबरहुकूम सगळं केलं होतं. लोकरीचे मोजे, दोन बाटल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला खणखणीत 'दोबेर दान'. मी मात्र नवे सुती मोजे घातले होते, कारण त्यांच्यावर लिंबं होती. निवाऱ्यात पोचेपर्यंत टाचेवर लिंबाएवढाच फोड आला, आणि माझी एकुलती बाटली संपल्यामुळे इंगरबाईंच्या दुसऱ्या बाटलीतलं पाणी मी प्यायले.

"सूचना दोन आणि चार," त्या मला पट्टी देत म्हणाल्या. "छान लिहिल्यात हं."

आत सपाता घालून गाशपरकाका जवाचं सूप ओरपत होते. हे आमच्या गावचे पोस्टमन. पत्रं ते घरोघरी पोचवतात आणि बातम्या पत्रांच्या आधी.

"अगं ब्रीना! दुसरी खेप का? उद्या वर भेटूच. तुझ्या पावसाची गोष्ट मला तुझ्याच तोंडून ऐकायचीय!"

मी टाचेवरची पट्टी नीट करायला टेबलाखाली वाकले.

सकाळ स्वच्छ उजाडली. एक ढग असता, तरी मी त्याच्याकडे बोट दाखवून सगळ्यांना परत नेलं असतं. छोटा त्रिग्लाव आला आणि पुढे तीच धार. दोन वर्षांत ती जराही रुंद झालेली नव्हती. मावशी पुढे, मध्ये मी, मागे इंगरबाई, तिघी एका दोराला. मी खडकाला ठोकलेल्या लोखंडी तारेत हुक अडकवला, चार पावलं टाकली आणि थांबले. थांबले म्हणजे काय, खडकाला चिकटले. घोरपडसुद्धा इतकी चिकटत नसेल.

"ब्रीना," मागून आवाज आला. "सूचना सात. हाताकडे पाहा."

मी पाहिलं. "हात थरथरतोय!"

"मग खडकाकडे पाहा."

"पण पायाखाली पाहायचं नाही, तर पाय ठेवायचा कुठे?"

"तेच मला कालपासून विचारायचं होतं," इंगरबाई म्हणाल्या. "ही सूचना लिहिली तरी कुठे बसून?"

तिथे खोटं बोलायला लागतो तेवढा श्वास माझ्याकडे नव्हता. "स्वयंपाकघरात! मी कधीच वर आलेले नाही! इथूनच परत गेले होते!"

मला वाटलं, संपलं. आता या चौथ्यांदा परत जाणार, आणि तेही माझ्यामुळे. मग दोर हलायला लागला. बाई हसत होत्या. एका हाताने तार धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"बरं झालं बाई! मला वाटत होतं इथे घाबरलेली मी एकटीच. आता ऐक. तोंड उघड, नाकाने श्वास घे. पस्तीस वर्षं मी घाबरलेल्या माणसांना हेच सांगत आलेय. तुझे पाय मला इथून दिसतायत. डावा वर घे. अजून. खुंटी आहे तिथे. शाब्बास. दुखलं तर हात वर कर... नको नको, हात नको करूस!"

मावशी पुढे बघून दोर हळूहळू ओढून घेत होती. तिचे खांदे हलताना मी स्पष्ट पाहिले.

अशी मी त्रिग्लाववर पोचले. लिंबांच्या मोज्यांत, तोंड उघडं टाकून.

माथ्यावर एक छोटा पत्र्याचा गोल मनोरा, त्याला टेकून बसलेली वीसेक माणसं, आणि सगळ्यांना चॉकलेट वाटणारे गाशपरकाका. मावशीने दोर सोडून हातात दुमडला. "हं. पहिल्यांदा कोण?"

इंगरबाईंचा हात शाळेतल्या हुशार मुलीसारखा वर गेला. त्या वाकल्या, तीन फटके खाल्ले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बाई लहान पोरीसारख्या रडल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलल्या काही नाहीत. डोळ्यांनीसुद्धा नाहीत. त्या बोलणारच नव्हत्या, हे मला कळलं. माझं गुपित आता सुखरूप होतं, आणि नेमकं तेच मला सहन होईना. त्यांनी आपली भीती पहिल्याच जेवणात सगळ्यांसमोर सांगून टाकली होती, आणि मी माझी सूचना करून भिंतीवर टांगली होती.

"अजून कोणी?" मावशीने दोर गुंडाळायला घेतला.

मी हात वर केला.

"अगं, तू?" गाशपरकाकांच्या हातातलं चॉकलेट तसंच राहिलं. "तू तर चौदाव्या वर्षी... पावसात..."

"पाऊस बाबांचा, काका. बाकीची थाप माझी."

मी वाकले. मावशीने तीन फटके दिले, आणि ते काही लाडाचे नव्हते. मग चौथा.

"हा कसला?" मी ओरडले.

"सातव्या सूचनेचा."

गाशपरकाका उतरताना आमच्या पुढे होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आम्ही घरी पोचलो तेव्हा बाबा दारातच उभे.

"दोन वर्षं! दोन वर्षं मी हे सगळ्यांना सांगतोय! त्या पावसाचं तरी काय आता?"

"पाऊस तुम्ही घातलात, बाबा."

बाबांनी माझ्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली. "थोडासाच घातला होता," ते म्हणाले. "चल, बस. जेवून घे."

"मी उभ्यानेच जेवते."

सातवी सूचना मी बदलली आहे : "पायाखाली जरूर पाहा. भीती वाटली तर ती मागच्या माणसाला मोठ्याने सांगा." इंगरबाईंनी जाण्यापूर्वी ती तपासली आणि खाली डॉक्टरी अक्षरात सही केली. सोळाखालची रेघ मी ठेवलीय. वय तरी खरं आहे.

काल नवे पाहुणे आले. ते चौकट वाचत होते, तेवढ्यात बाबांचा आवाज आला. "माझ्या मुलीने लिहिलंय! याच महिन्यात वर जाऊन आली, भर हिमवादळात!"

"ऊन होतं, बाबा!" मी स्वयंपाकघरातून ओरडले.