संयोगिता पल्याड गेली तेव्हा

जरा लांब उभे राहा, मित्रांनो. माझा आवाज जवळून ऐकायचा नसतो. मी कर्णा आहे, वयानं जुना आणि गळ्यानं अजून शाबूत. आमच्या गावातली मोठी माणसं मला भोंगा म्हणतात. मला ते नाव आवडत नाही, पण बोलायला तोंड असलं तरी मनातलं बोलायची सोय मला कुठे आहे? आज ती मिळाली आहे, तर सगळं सांगून टाकतो.

सांगलीतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. एका कारागिरानं ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा फिरवत फिरवत मला धोतऱ्याच्या फुलासारखं तोंड दिलं, वर राखाडी रंग चढवला आणि बोटानं टिचकी मारून कान लावला. मी ठणकन वाजलो. तो हसला. ते माझं पहिलं कौतुक.

तिथून मी इस्लामपूरच्या बाजूला, कृष्णेकाठच्या एका गावात आलो. नदीच्या या बाजूला आम्ही. समोरच्या काठावर दुसरं गाव, त्याला आमच्याकडे नुसतं ‘पल्याड’ म्हणतात. नाव घेतलं तर जीभ झिजते म्हणे! मी देवळापुढच्या उंच खांबावर बसलो आणि गावाचं तोंड झालो. पोरांना डोस पाजायला आणा, कुणाची म्हैस सुटलीय, नळाला पाणी येणार आहे, अमक्याच्या पोरीची हळद आहे, सगळं माझ्यातून जायचं. हळूहळू गावाला एक सवयच जडली. बातमी फोनवर आली, पेपरात आली, तरी लोक म्हणायचे, “कर्ण्यावर सांगितलं का? न्हाई? मग अजून खरं न्हाई.”

पुढे कपाटाएवढे काळे स्पीकर आले. मला मंडळाच्या खोलीत, जुन्या सतरंज्यांवर आडवं टाकलं. माझ्या तोंडात साळुंकीनं घर केलं. तिची पिल्लं चोच उघडायची तेव्हा मला वाटायचं, चला, निदान कुणीतरी आपल्यातून बोलतंय. पिल्लं उडून गेली आणि मग मात्र फार शांत वाटू लागलं.

मला बाहेर काढलं ते नाथाजींनी. नाथाजी म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार आणि आमच्या मुलींच्या कबड्डी संघाचे निवेदक. काळ्या स्पीकरांतून नुसता धडधडाट यायचा, गुण कुणाला मिळाला ते कळायचंच नाही. नाथाजींनी ओल्या फडक्यानं माझा चेहरा पुसला आणि म्हणाले, “चल गड्या, ड्यूटीवर रिपोर्ट कर.” मी मैदानाकडेच्या खांबावर चढलो. तिथून मला सगळं दिसायचं. लाल मातीचं मैदान, त्यामागची नदी, आणि मैदानाला लागून असलेलं मनुबाईंचं घर.

त्या घराची सून मयूरी आमच्या संघाची चढाईपटू. तिचा नवरा फौजेत, लांबच्या ठाण्यावर. बाळ होण्याआधी मयूरी चढाईला निघाली की समोरच्या मुली आपोआप मागे सरकायच्या. बाळंतपणानंतर ती परत आली, तेव्हा बाळ नुकतं बसायला लागलं होतं. सरावाच्या मध्येच ते रडायचं. मग ती धावत अंगणात जायची, ओढणीआड त्याला पाजायची, त्याच्या ओठावरचं दूध बोटानं पुसायची आणि धावत परत यायची. पाय पूर्वीसारखे उचलत नव्हते. पण रोज वीतभर जास्त उचलायचे. हे मला वरून दिसायचं. खाली उभ्या असलेल्यांना दिसत नव्हतं.

खालच्यांना दिसत होती संयोगिता! तासगावकडच्या एका संघाची चढाईपटू. काय तिची उडी! तिच्या चढायांचे व्हिडिओ गावातल्या प्रत्येक फोनवर. पारावर, दूध डेअरीत, सलूनच्या खुर्चीत, एकच नाव. आकाराम टेम्पोवाल्यानं तर टेम्पोच्या मागच्या फळीवर तिच्या जर्सीचा सात नंबर रंगवून घेतला.

“आवं, ती अजून आपली झालीबी न्हाई,” कुणीतरी म्हणालं.

“व्हनार! ती आली की पल्याडवाल्यांनी नदीत उडी मारायची तयारी ठेवायची,” आकाराम म्हणाला.

आणि खरंच तसं घडू लागलं. हंगामाच्या तोंडावर खेळाडूला संघ बदलता येतो. आमच्या मंडळाचे अध्यक्ष लालासाहेब तासगावला जाऊन बोलून आले. तिकडचं मंडळ अदलाबदलीला तयार होतं. संयोगिता आमच्याकडे आणि मयूरी त्यांच्याकडे. त्यांना नव्या पोरींना शिकवायला जाणती खेळाडू हवी होती. मयूरीनं जायचं कसं, बाळाचं काय, हे त्या बोलण्यात कुठंच आलं नाही. मयूरीला विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

“सही व्हायची हाय अजून,” लालासाहेब मैदानात येऊन हळूच म्हणाले. “दम धरा. कुनाला बोलू नका.”

पण आमच्या गावाला आनंद पोटात ठेवता येत नाही. पोरं नाचायला लागली. हलगी आली. गुलाल आला. “नाथाजी, सांगा की कर्ण्यावर! कर्ण्यावर सांगितल्याबिगर खरं कसं वाटंल?” नाथाजींचा हात माईकवर गेला. लालासाहेब “आवं, थांबा” म्हणेपर्यंत मी बोलायला लागलो होतो.

“ऐका हो ऐका! वाघीण येतीया! संयोगिता आपल्या संघात येतीया! उद्या सकाळी लालासाहेब तासगावला सही करून येनार. बदल्यात आपली मयूरी तिकडं जानार. समद्यांनी उद्या स्वागताला ष्टँडवर हजर व्हा!”

जल्लोष झाला, मित्रांनो! हलगी कडाडली, गुलाल उडाला, आकाराम टेम्पोच्या टपावर चढून नाचला. मीही थरथरत होतो.

तेवढ्यात मला मनुबाईंचं अंगण दिसलं. मयूरी बाळाला मऊ भात भरवत होती. तिचा हात हवेतच थांबला होता. बाळ तोंड उघडून वाट बघत होतं, आणि ती माझ्याकडे बघत होती. स्वतःच्या गावानं आपल्याला देऊन टाकलंय, हे तिला माझ्या तोंडून कळलं. मग तिनं घास भरवला, बाळाचं तोंड पुसलं आणि दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी ती सरावाला आली नाही.

आणखी एक गोष्ट घडत होती, ती मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. वारा नदीकडे वाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ष्टँडवर जत्रा भरली. हार, फेटा, संयोगिताचा माणसाहून मोठा फलक. लालासाहेबांची जीप गेली. लोक वाट बघत चहावर चहा पीत राहिले. दुपारी जीप परत आली, तेव्हा हलगीवाल्यानं जोरात सुरुवात केली. जीपमधून लालासाहेब एकटेच उतरले. हलगी मधेच थांबली.

“गेली,” लालासाहेब म्हणाले. “पल्याड गेली.”

“आँ? पल्याड?”

“आपन कर्ण्यावर बोंबललो, ते नदी ओलांडून त्यास्नी ऐकू गेलं. भल्या पहाटं त्यांची गाडी तासगावात. आनी ते मंडळाकडं गेलेच न्हाईत सुरुवातीला. सरळ तिच्या घरी गेले. तिला, तिच्या आईला विचारलं, येशील का म्हून. पोरगी म्हनाली, मला पैल्यांदा कुनीतरी विचारलं. झाली तयार. मग कुठली अदलाबदल आन् कुठलं काय.”

काय सांगू मित्रांनो, गाव नुसतं पेटलं! एकानं हार ष्टँडच्या कमानीला अडकवला आणि तिथंच मटकन बसला. एक म्हणाला, “पल्याडचं पानी पिनार न्हाई आजपास्नं.” दुसरा म्हणाला, “येड्या, नदी एकच हाय!” कालचा गुलाल अजून केसांत, त्यामुळे चिडलेली माणसंही होळीतून आल्यासारखी दिसत होती. आकारामला तर कुठं तोंड लपवावं कळेना. पोरं टेम्पोमागे ओरडत होती, “आकाराम मामा, सात नंबर पल्याड सोडून या!”

सगळी गर्दी मैदानावर आली. आता राग कुणावर काढायचा? लालासाहेबांवर काढला. मग नाथाजींवर. “तुमाला कुनी सांगितलं हुतं बोंबलायला?”

“तुमीच की समद्यांनी!” नाथाजी म्हणाले.

मग सगळ्यांच्या नजरा वर गेल्या. माझ्यावर. “काढा तो भोंगा! द्या मोडीत!” दोघे खांबावर चढू लागले. माझ्या कानाशी पान्हा लागला, एक नट ढिला झाला, मी एका बाजूला कललो. भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

“खाली उतरा रं!”

तो मनुबाईंचा आवाज. त्यांना कर्ण्याची गरज कधीच पडली नव्हती. कडेवर नातू, दुसऱ्या हातात त्याची वाटी. मागून मयूरी येत होती, खेळाच्या कपड्यांत.

“त्या पत्र्याला मोडीत घालून काय व्हनार? त्यो काय आपल्या मनानं बोलला?” मनुबाई लालासाहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. “आवं अध्यक्ष, माझी सून काय बाजारात दावनीला बांधलिया व्हय? ही द्या, ती आना! लेकाला फोनवर काय सांगू मी, की तुझी बायकू गावानं बदलून टाकली?”

कुणी हसलं, तर शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. लालासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

मयूरीनं नाथाजींपुढे हात केला. “तात्या, माईक द्या.”

माझ्यातून तिचा आवाज पहिल्यांदाच गेला. धाप लागल्यासारखा होता, पण थरथरत नव्हता. “मी मयूरी बोलतीया. मला कुनी विचारलं न्हाई, म्हून मीच सांगते. मी कुठंबी जानार न्हाई. मी खेळनार हाय. पल्याडबरूबर पैली म्याच हाय, तवा बघू. पन बाळ लहान हाय, आन् सासूबाई एकट्या कितीदा सांभाळतील? काल नाचायला जे जे आलं हुतं, त्यांनी सरावाच्या वेळी आळीपाळीनं बाळ धरायचं. कोन धरतंय?”

मग मागून आकाराम पुढे आला, गुलालानं माखलेले हात पँटला पुसत. “आना हिकडं,” तो म्हणाला. बाळानं त्याच्याकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. मग मात्र सगळं मैदान हसलं. मनुबाईसुद्धा.

खांबावरच्या दोघांनी माझा नट पुन्हा आवळला. जरा जास्तच घट्ट.

त्यानंतरचे दिवस मी कधी विसरणार नाही. सराव सुरू झाला की मैदानाच्या कडेला गावातले मिशाळ गडी रांगेत बसायचे. कुणाच्या मांडीवर बाळ, कुणाच्या हातात खुळखुळा. आकाराम तर टेम्पोचा हॉर्न वाजवून त्याला हसवायचा. पोटभर प्यायलेलं बाळ निवांत, म्हणून आई निवांत. मयूरीचे पाय आता वीतभर नाही, हातभर उचलत होते, आणि हे खालूनही दिसू लागलं होतं.

मग तो सामना! आमच्याच मैदानावर. पल्याडचे लोक होड्यांतून आले, पुलावरून आले. आणि संयोगिता! व्हिडिओत दिसायची त्याहून वेगवान. पहिल्याच चढाईत तिनं आमच्या दोघी टिपल्या. नाथाजींचा आवाज फाटला, माझा पत्रा तापला. इकडून मयूरी गेली, बोनस घेऊन आली. तिकडून संयोगिता, इकडून मयूरी. आमच्या सगळ्या बाद होऊन आमच्यावर लोण चढला, आम्ही परत चढवला. लोक बसायचं विसरले. शेवटी पल्याडला दोन गुणांची आघाडी आणि एकच चढाई शिल्लक. मयूरीची.

“कबड्डी, कबड्डी, कबड्डी...” एवढी गर्दी, पण मला तिचा दम ऐकू येत होता. ती कोपऱ्याकडे झुकली. तेवढ्यात संयोगितानं झेप घेऊन तिचा घोटा धरला. दुसरी कमरेला, तिसरी खांद्याला. मयूरी मातीवर पडली. गेलं, असं वाटलं. पण दम सुटला नव्हता! ती सरकत होती. तिघींना ओढत, कोपरं घासत, वीत वीत. नाथाजी बोलायचे थांबले. आणि तिची बोटं मध्यरेषेवर पडली.

तीन गुण! जिंकलो! मित्रांनो, मी काय ओरडलो! हलगी, शिट्ट्या, टेम्पोचा हॉर्न, सगळं एक झालं. मातीत बसलेल्या संयोगितानं मयूरीचा हात धरून तिला उठवलं. “ताई, एवढी ताकद कुठनं आणता?” मयूरी म्हणाली, “बाळाला उचलून बघ येकदा, कळंल.”

गर्दीतून हाक उठली, “मयूरी कप्तान! नाथाजी, सांगा कर्ण्यावर! मयूरी कप्तान झाली!” लालासाहेब मान डोलवत होते. नाथाजींनी माईक तोंडाशी नेला. मी श्वास भरून तयार झालो.

आणि नाथाजींनी बटण बंद केलं.

ते निवेदनाच्या ओट्यावरून खाली उतरले, गर्दीतून वाट काढत मयूरीपर्यंत गेले. ती मातीनं माखलेली, बाळाला छातीशी धरून बसलेली. नाथाजी तिच्यापुढे उकिडवे बसले. “सूनबाई, गाव म्हनतंय तुला कप्तान करायचं. तुझं काय म्हननं हाय?”

मयूरीनं त्यांच्याकडे बघितलं. मग मनुबाईंकडे. सगळं गाव थांबलं होतं, आणि मीही. तिनं बाळाची टोपी सरळ केली आणि म्हणाली, “आवडंल मला. आता सांगा.”

नाथाजी परत आले, बटण दाबलं, आणि मी ती बातमी सांगितली. आयुष्यात पुष्कळ बातम्या सांगितल्या मी, पण त्या दिवशी वाट बघून सांगितलेल्या बातमीला जो गोडवा होता, तो कशालाच नव्हता.

म्हणून एवढंच मागणं आहे, मित्रांनो. माझा पत्रा पुसला नाहीत तरी चालेल, रंग उडाला तरी चालेल. पण माझ्यातून कुणाचं नाव घ्यायचं असेल, तर आधी त्या माणसापाशी जाऊन, त्याच्याएवढं खाली बसून विचारा. तोवर मी थांबतो. मोठ्या आवाजाला थोडं थांबायची सवय हवीच.